वऱ्हांड्यातलं आपलं मराठी

रंगा, तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी पेपरात तुझा फोटो आला. निदान पंधरा वर्षांपूर्वीचा असेल, डोक्यावर चांगले केस आहेत. खाली तमिळमध्ये चार ओळी: मोठ्या कंपनीत उपाध्यक्ष, निवृत्तीनंतर गावाचा नगराध्यक्ष, साधा माणूस. साधा! मी दुकानात एकटाच मोठ्यानं हसलो, तर खोकल्याचं औषध घ्यायला आलेली बाई दोन पावलं मागे सरकली. तुझ्याइतका किचकट माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. डोशाच्या चटणीतली मोहरी बाजूला काढून तिची ओळ लावणारा माणूस साधा कसा असेल?

हे मी तमिळ अक्षरांत लिहितोय, आपण लहानपणापासून मराठी लिहितो तसंच. पुण्याला दिलेली माझी मुलगी ते देवनागरीत उतरवेल. ती माझं मराठी सरळही करते, त्याला माझी ना नाही. फक्त माणसं जे बोलली त्याला हात लावू नकोस, एवढं तिला बजावलंय. तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली, म्हणून हा सगळा खटाटोप. ती ऐकून तू माझ्याशी बोलणं टाकशील अशी इतकी वर्षं भीती होती. आता ती भीती उरली नाही, पण सांगायला बसलो तर हात अजून जड होतोच आहे. म्हणून आधी थोडं इकडचं तिकडचं बोलून घेतो.

तंजावूरला राजवाड्यामागच्या एकाच गल्लीत आपण वाढलो. पुढे तू शिकून कोइंबतूरला पंपांच्या कंपनीत गेलास, मग चेन्नईला, आणि वर वर चढत राहिलास. मी औषधांची पदविका घेतली आणि तंजावूरहून बसनं तासाभरावर असलेल्या या गावात मेडिकल टाकलं. गावाचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर इथले लोक दुकानात भांडायला येतील. बायको होती तोवर घरात मराठी होतं. ती गेली, मुलगी लग्न होऊन गेली, आणि मग देवापुढे बसलो की तेवढंच मराठी तोंडात यायचं. अशात एक दिवस तू दुकानाच्या पायरीवर उभा. शांतावहिनींच्या वडिलांचं घर आणि नारळाची बाग याच गावात, म्हणून निवृत्त होऊन इथेच राहायला आलास. "किट्टू, दुकान अजून इतकंच आहे काय रे?" हे तुझं पहिलं वाक्य. मी चिडलो, पण त्या दिवशी मला इतका आनंद झाला होता की दुपारी दुकान बंद करून मी घरी जाऊन नुसता बसून राहिलो. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वर्षभर मला पिडलं असतंस.

दोन वर्षांत तू निवडणुकीला उभा राहिलास. मी या नगरपालिकेत आधीच दोनदा कौन्सिलर झालो होतो, गटार तुंबलं की लोक माझ्या दुकानात येत. आणि तू, कालचा आलेला, पहिल्याच झटक्यात निवडून आलास आणि बाकीच्या कौन्सिलरांनी तुला थेट नगराध्यक्षाच्या खुर्चीत बसवलं. खरं म्हणजे लहान गावाचा नगराध्यक्ष, पण तुझ्या बंगळूरच्या मेहुण्यानं फोनवर "मेयर, मेयर" सुरू केलं आणि बघता बघता सगळं गाव तुला मेयर म्हणायला लागलं. मी समोरच्या बाकावर, विरोधात. लोकांना वाटायचं आमचे विचार वेगळे. विचार वेगळे होतेच, पण मला तुझा हेवाही वाटत होता रंगा. चांगला सणसणीत हेवा.

कंपनीतल्या सगळ्या खोडी तू इथे आणल्यास. पहिल्याच आठवड्यात बैठकीच्या खोलीतल्या खुर्च्या बाहेर काढायला लावल्यास. माणसं उभी राहिली की कमी बोलतात, असं तुझं शास्त्र. तिसऱ्या वॉर्डाच्या कौन्सिलर पाट्टी, म्हणजे आजीच, वय सत्तरीच्या पुढे, दुसऱ्या दिवशी घरून घडीची खुर्ची घेऊन आल्या आणि तुझ्या अगदी समोर ती उघडून बसल्या. आठवड्याभरात खोलीत सात घडीच्या खुर्च्या झाल्या, सात रंगांच्या. मग तू हार मानलीस. पण दुसरा नियम सोडला नाहीस: कुठलीही अडचण एका कागदावर मावली पाहिजे. आपले इंजिनियर बिचारे मुंगीएवढ्या अक्षरात लिहायला लागले, आणि तुला भिंग घ्यावं लागलं. ते भिंग माझ्याच दुकानातून नेलंस.

सभेत आपण तमिळमध्ये कडाकडा भांडायचो. टेबलावर हात आपटायचे, सभात्याग करायचा, सगळं रीतसर. आणि चहाची सुट्टी झाली की बाहेरच्या वऱ्हांड्यात तू माझ्याजवळ यायचास आणि आपण मराठीत सुरू व्हायचो. "किट्टू, आवाज बसला की तुझा. मीठपाणी घे." बाकीचे कौन्सिलर संशयानं बघायचे. माझ्या पक्षाच्या एकानं तर मला घरी येऊन विचारलं होतं की तुम्ही दोघं आतून एक आहात का. आपल्याला त्याची गंमत वाटायची. वहिनी सोडल्या तर गावात आपलं बोलणं कळणारं दुसरं कोणी नाही, अशी आपली पक्की समजूत. त्यामुळे वऱ्हांड्यात आपण काय वाटेल ते बोलायचो. कमिशनरच्या विगबद्दलसुद्धा.

ही समजूत तुझी पुढेही बरेच दिवस खरी होती. माझी नव्हती.

चहाचा ट्रे घेऊन यायच्या त्या यमुनाबाई. नगरपालिकेत रोजंदारीवर, फायली इकडून तिकडे नेणं, चहा देणं, कुलपं लावणं. कायम तमिळ बोलणाऱ्या, तेही मोजकं. एकदा सासूची औषधं घ्यायला दुकानात आल्या होत्या आणि फोन वाजला. पलीकडे त्यांची आई असावी. बाई भिंतीकडे तोंड करून बोलायला लागल्या, "होय गे अम्मा, गोळ्या घेटल्या. तूं जेवलीस काय?" मी हातातली बाटली तशीच धरून हसत राहिलो. तंजावूरच्याच निघाल्या. आपल्या गल्लीच्या तोंडाशी शिंप्याचं दुकान होतं, आपल्या शाळेचे शर्ट शिवणारं, त्यांची ही मुलगी. त्यांच्या घरीही पिढ्यान्‌पिढ्या मराठीच, आपल्याहून थोडं वेगळं. मी म्हटलं, ऑफिसात कधी बोलला नाहीत? तर म्हणाल्या, "कोण विचारट्लं साहेब? तुम्ही मोठे लोक तुमच्यांत बोलतां. मी चहा देतें."

तुला हे लगेच सांगायला हवं होतं. आधी वाटलं, मजा म्हणून चार दिवस लपवू. मग खरोखर विसरलो. आणि मग तो दिवस आला, तेव्हा चांगलं आठवत होतं.

रोजंदारीवरची सगळी माणसं, रस्ते झाडणारे, पाण्याच्या टाकीचे व्हॉल्व सोडणारे, ऑफिसातले शिपाई, बाहेरच्या कंत्राटदाराकडे सोपवायची, असा तुझा बेत होता. कंपनीत तू असंच केलं होतंस आणि तिथे ते जमलंही होतं. सभेत तू गोडीत म्हणालास की अजून काही ठरलेलं नाही, उद्या मीटिंग लावून सगळ्यांचं ऐकून घेऊ. मी तुला ओळखत होतो. तू पेन खिशाला लावून ठेवलंस की समजायचं, विषय संपला.

सुट्टीत वऱ्हांड्यात यमुनाबाई ट्रे घेऊन आल्या. मी थांबू शकलो असतो. त्या जाईपर्यंत तुझ्याशी क्रिकेटवर बोलू शकलो असतो. त्याऐवजी मी कप हातात घेतला आणि मुद्दाम, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं विचारलं, "रंगा, खरं सांग. ठरवूनच आलायस की नाहीं?"

आणि तू माझ्यावर विश्वास टाकून म्हणालास, "ठरवूनच आलों रे. उद्यांची मीटिंग नांवालाच. एक महिना ओरडतील, मग गप्प बसतील."

यमुनाबाईंचा ट्रे जराही हलला नाही. त्यांनी तुला कप दिला, साखर कमी घातली आहे असं तमिळमध्ये सांगितलं आणि निघून गेल्या. तू चहा प्यायलास. मी पिऊ शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नगरपालिकेच्या पायऱ्यांवर सगळे बसले होते. झाडू मांडीवर, व्हॉल्वच्या लांब किल्ल्या शेजारी. घोषणा नाहीत, फलक नाहीत. तू मोपेडवरून उतरलास, हेल्मेट काढलंस. सगळ्यांत खालच्या पायरीवरून यमुनाबाई उभ्या राहिल्या आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "साहेब, एक महिना ओरडतील म्हणालतां. आज पहिला दिवस."

तुझा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. आजूबाजूला कोणाला काही कळलं नाही, कळलं ते फक्त आपल्या तिघांना. तुझ्या हातात हेल्मेट तसंच राहिलं. आत जाशील, पोलिसांना फोन लावशील, निदान वळून माझ्याकडे बघशील असं मला वाटलं. तू बघितलं नाहीस. तिथेच, दुसऱ्या पायरीवर, पँटची इस्त्री न बघता खाली बसलास. आधी यमुनाबाईंना मराठीत म्हणालास, "चुकलं माझं. मज क्षमा करा." मग सगळ्यांना तमिळमध्ये सांगितलंस की काल सभेत मी खोटं बोललो, निर्णय मी आधीच घेतला होता, आणि तो आता मागे घेतो. एवढंच. भाषण नाही, कारणं नाहीत.

राजकारणात इतकी वर्षं घालवली, पण "मी खोटं बोललो" हे वाक्य खुर्चीवरच्या माणसाच्या तोंडून मी त्या एकदाच ऐकलं. माझा हेवा त्या पायरीवर संपला रंगा. त्या जागी जे आलं त्याला काय म्हणायचं ते मला अजून नीट माहीत नाही, पण तुझ्या शेजारी बसावंसं वाटलं. बसलो मात्र नाही. लाज वाटत होती.

पुढचे पंधरा दिवस तू पहाटे त्यांच्याबरोबर फिरलास. कोणत्या गल्लीत बायकांची कोलमची रांगोळी काढून होईपर्यंत झाडूवाली थांबते, कोणत्या नळाला पाणी येतच नाही म्हणून व्हॉल्ववाला देवळामागच्या विहिरीवरून दोन घागरी नेऊन देतो, हे सगळं तू बघून आलास. आणि मग तुझा तो एक कागद फाडलास. म्हणालास, "हें मावत नाहीं किट्टू." त्यांना कायम करावं म्हणून सरकारला अर्जांवर अर्ज केलेस, चेन्नईला जुन्या ओळखी वापरल्यास. अर्ध्या लोकांचं झालं. अर्ध्यांचं अजून नाही. यमुनाबाईंचं झालं, खुर्चीतल्या तुझ्या शेवटच्या वर्षात.

आपलं भांडण मात्र मिटलं नाही, आणि आता कसं मिटणार? तू शेवटपर्यंत म्हणत राहिलास की कंत्राट दिलं असतं तर गटारं वेळेवर निघाली असती. चुकलं ते चोरून केलं हे. मी म्हणायचो, नाही, कंत्राटच चूक. दोनच महिन्यांपूर्वी त्यावरून तू माझ्याकडे पाठ करून बसला होतास. तुझ्या त्या सगळ्या मुद्द्यांना मला आता उत्तरं सुचताहेत. चांगली उत्तरं आहेत, ऐकायला तू हवा होतास.

त्या दिवसापासून तू नगरपालिकेत मराठी बोलणं बंद केलंस. "तिथें जें बोलायचं तें सगळ्यांना कळलं पाहिजे," एवढंच कारण दिलंस. यमुनाबाईंशीसुद्धा तमिळ. वऱ्हांड्यात मी काही म्हटलं तर तू तमिळमध्ये उत्तर द्यायचास. मी तक्रार कोणत्या तोंडानं करणार? त्याऐवजी तू मला घरी बोलावलंस. दर रविवारी सकाळी, वहिनींच्या हातची अंबट भाजी आणि तांदळाची भाकरी, मागच्या अंगणात नारळाखाली. तिथे मात्र सगळं मराठीत. तुझी खुर्ची गेली, पुढच्या निवडणुकीत माझीही गेली, रविवार चालू राहिले. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा माझा मेहुणा तंजावूरहून येऊन औषधं द्यायचा आणि तू, मोठ्या कंपनीचा उपाध्यक्ष, माझ्या गल्ल्यामागे बिलं फाडत बसायचास. त्यात औषधांची मांडणी बदलून टाकलीस. मला अजून पॅरासिटमॉल शोधावं लागतं.

सांगायचा प्रयत्न मी केला होता, हे तुला मान्य करावं लागेल. एकदा तिरुवैयारूला, संध्याकाळी कावेरीच्या पायऱ्यांवर बसलो होतो. मी म्हटलं, "रंगा, त्या दिवशी वऱ्हांड्यांत मी..." तू भज्यांचा कागद माझ्यापुढे सरकवलास. "गार होतील. खा आधीं." दुसऱ्यांदा तुमच्या अंगणात. तेव्हा तू एकदम उठून नारळ मोजायला लागलास. मला वाटलं, बरं झालं, वाचलो. गेल्या महिन्यात तंजावूरच्या दवाखान्यात तिसऱ्यांदा बोलायला गेलो तर तुझ्या नाकातोंडाला नळ्या होत्या. तू नुसता माझा हात धरलास, दाबलास, आणि मान हलवलीस. नको, अशी. मला वाटलं, दुखतंय म्हणून.

आता ऐक. मला माहीत होतं. त्या बाईंना मराठी कळतं हे मला माहीत होतं, आणि तरी मी तुला विचारलं, त्यांच्या कानावर जावं म्हणूनच विचारलं. त्या माणसांची रोजी वाचावी हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं, तू एकदा तरी तोंडावर पडावास हे. तू माझ्याशी मित्र म्हणून बोललास आणि मी ते विरोधी कौन्सिलर म्हणून वापरलं. झालं, लिहून झालं.

पण ही गोष्ट इथे संपली असती तर मी ती मुलीकडे पाठवली नसती. परवा तुझ्या तेराव्याला यमुनाबाई आल्या होत्या. पंगती उठल्या, मी मागच्या अंगणात हात धूत होतो. त्या टॉवेल घेऊन आल्या. तुझ्या घरात तुझ्याशिवाय मराठी बोलायला मला कसंतरी होत होतं, पण त्यांनीच सुरुवात केली. मी म्हटलं, बाई, एक सांगायचं राहून गेलं हो मेयरना. त्या दिवसाचं.

त्या सहज म्हणाल्या, "तें साहेबांना ठाऊक होतं कीं."

मी म्हटलं, काय ठाऊक होतं?

"त्याच सांजे माझ्या घरीं आलते. विचारट्लं, किट्टूला ठाऊक होतं काय तुज मराठी येतं म्हणून? मी होय म्हणट्लं. खोटं कशाला बोलूं?"

माझ्या हातावरचं पाणी तसंच निथळत राहिलं. विचारलं, मग रागावले का?

"दारच्या पायरीवर बसले. मग हसट्ले. म्हणाले, सेरी, असूं दे. मज कळलं हें त्याला सांगूं नकोस यमुना. लाजून यायचा बंद होईल. त्याला बोलायला गांवांत दुसरं कोण आहे?"

म्हणजे त्याच आठवड्यात तू मला पहिल्यांदा रविवारी जेवायला बोलावलंस, ते सगळं कळल्यावर. त्यानंतर इतकी वर्षं माझ्या ताटात भाकरी वाढत राहिलास, माझ्या दुकानात बिलं फाडलीस, आणि मी सांगायला तोंड उघडलं की भजी पुढे केलीस. मी तिथेच धुण्याच्या दगडावर बसलो आणि रडलो. यमुनाबाई टॉवेल धरून शेजारी उभ्या होत्या. रंगा, तुझे आभार मानायचे तर कुठून सुरुवात करू हेच कळत नाही, तरी मानतो, सगळ्याचे मानतो.

निघताना वहिनी दारापर्यंत आल्या. रडून त्यांचा आवाज पार बसला होता. म्हणाल्या, "भावजी, आदितवारीं येतां ना? मज मराठी बोलायला आतां तुम्हीच."

मी म्हटलं, येतो.